फेसबुकच्या लीड फॉर्मची शीट: फोन लावण्याआधी काय वाचावं

सांगलीत आमचं दुकान आहे. घरघंटी, मिरची कांडप यंत्र, पल्व्हरायझर (कडक मालाची पावडर करणारं यंत्र), शेवया-पापडाची मशीनं असा माल. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः घरातून काहीतरी सुरू करायचं म्हणणाऱ्या बायका, आणि त्यांच्यासोबत निर्णयात असलेले नवरे, सासवा, कमावती मुलं. चौकशीचे फोन मी करते. पूर्वी नावं यायची ती बचत गटांच्या प्रदर्शनात स्टॉलवर ठेवलेल्या वहीतून. आता मोठा भाग मेटाच्या लीड फॉर्ममधून येतो, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरातीखालचं बटण दाबलं की उघडतो तो फॉर्म. हा अभिप्राय त्या फॉर्मबद्दल आहे, आणि त्याहून जास्त त्यातून उतरणाऱ्या शीटबद्दल, म्हणजे फॉर्म भरणाऱ्यांच्या यादीबद्दल. त्यातल्या एकेका नोंदीला लीड म्हणतात. जाहिरात कशी लावायची हे शिकवणारे पुष्कळ आहेत. शीट हातात आल्यावर कोणाला, कधी, काय बोलायचं हे ती शीटच कशी सांगते यावर मराठीत फारसं लिहिलेलं मला दिसत नाही, आणि छोट्या दुकानदाराचे पैसे तिथेच वाचतात किंवा बुडतात.

माझ्याकडून पाचापैकी चार गुण. स्वतःचे प्रश्न घालणार असाल तर जरूर वापरा. नुसतं नाव आणि नंबर मागणार असाल तर तेच पैसे पत्रकांवर घाला आणि आठवडी बाजारात वाटा.

आधी फॉर्म चालतो कसा ते, कारण वाचण्याची किल्ली त्यात आहे. फेसबुकने ही सोय २०१५ साली आणली. माणसाला दुसऱ्या वेबसाइटवर जावं लागत नाही, फॉर्म तिथेच उघडतो आणि नाव, फोन, ईमेल त्याच्या खात्यातूनच भरून येतं. याचा अर्थ असा की शीटमधलं नाव बहुतेक वेळा तिने लिहिलेलं नसतं, खात्यावर होतं तेच आलेलं असतं. नंबरही खात्याला जोडलेला. तो मुलाचा असू शकतो, जुना असू शकतो. तिने स्वतः बोट लावून निवडलेली किंवा टाइप केलेली गोष्ट म्हणजे फक्त तुमच्या प्रश्नांची उत्तरं. म्हणून मी शीट डावीकडून उजवीकडे वाचतच नाही. आधी उत्तरं वाचते, मग वेळ, मग गाव, आणि नाव-नंबर सगळ्यात शेवटी.

फॉर्म बनवताना दोन मुख्य प्रकार समोर येतात. एकात जास्तीत जास्त लीड मिळाव्यात अशी रचना असते, दोन-तीन टिचक्यांत फॉर्म जातो. दुसऱ्याचं नाव हायर इंटेंट. त्यात पाठवण्याआधी भरलेली माहिती परत दाखवली जाते आणि मगच ती पाठवता येते. आमच्यासारख्यांनी दुसराच घ्यावा. लीड कमी येतात आणि एकेक लीड महाग पडते हे खरं आहे. पण फोन करणारी मी एकटी आहे. 'मी कुठला फॉर्म भरला?' असं विचारणाऱ्या माणसाला फोन लावण्यात दुपार गेली तर ती स्वस्त लीड मला महागच पडते.

आता माझे प्रश्न. काय करायचं आहे, याला पर्याय: घरचं दळण, दळणाचा धंदा, मसाला कांडप, पापड-शेवया, हळद, अजून ठरलं नाही. जागेवर वीज कोणती: सिंगल फेज, थ्री फेज, माहीत नाही. पैशांची सोय: जवळचे, बँकेचं कर्ज, बचत गट, सरकारी योजना. कधी सुरू करायचं. फोन केव्हा करावा आणि कोणाशी बोलावं. आणि शेवटी एक मोकळा प्रश्न, तो मी कधीच काढणार नाही: तुम्ही सध्या काय करता आणि तुमची शंका काय आहे? सगळे प्रश्न मराठीत, आणि 'तुमचे बजेट' वगैरे शब्द न वापरता. पिन कोडही मागवते. तो का, ते पुढे येईल.

शीट उतरवली की त्यात वेळेचा रकाना असतो, कोणत्या जाहिरातीतून आली त्याचा असतो, आणि फेसबुक की इन्स्टाग्राम तेही दोन अक्षरांत लिहिलेलं असतं. आणखी एक रकाना सांगतो की लीड पैसे दिलेल्या जाहिरातीतून आली की कोणी पुढे पाठवलेल्या पोस्टमधून. हा शेवटचा रकाना बरेच जण बघत नाहीत. कोणी मैत्रिणीने पाठवलेली पोस्ट बघून फॉर्म भरला असेल तर फोनवरची सुरुवातच वेगळी होते, कारण तिथे आधीच घरात किंवा शेजारात बोलणं झालेलं असतं. 'ताई, तुम्हाला कोणी सांगितलं आमच्याबद्दल?' एवढं विचारलं की ती मोकळी होते, आणि पुष्कळदा ज्या बाईने पाठवलं तिच्याकडे आमचीच मशीन निघते.

वेळेच्या रकान्यावर माझा फार जीव आहे. दुपारी दोन ते चार या वेळेत आलेली लीड म्हणजे जेवणं उरकलेली, भांडी झालेली, घर शांत असलेली बाई. तिला फोन करायचा तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला. सकाळी दहाला केला तर ती स्वयंपाकात असते आणि 'नंतर करा' म्हणते. ते 'नंतर करा' आपण नकार म्हणून लिहून ठेवतो आणि एक चांगलं गिऱ्हाईक हातचं जातं. रात्री साडेदहा-अकराच्या लीडमध्ये बहुधा दिवसभर नोकरी किंवा शेतमजुरी करणारी माणसं असतात, त्यांना संध्याकाळी सातनंतर. मध्यरात्री एक-दोनच्या लीडला मी घाई करत नाही. तिथे उत्तरं नीट भरलेली असतील तरच वर घेते. आणि पहाटे साडेपाचला आलेली लीड दिसली की तिला पहिलं स्थान. ज्या बाईच्या डोक्यात धंदा घोळतोय ती झाडलोट करायच्या आधी फोन हातात घेते.

पिन कोडकडे येते. ४१६ ने सुरू होणारे सगळे जवळचे असं नवीन माणसाला वाटतं. सांगली-मिरज त्यात आहे, कोल्हापूर-इचलकरंजी आहे, पण सावंतवाडी-मालवणही ४१६ मध्येच येतं. आणि आमच्याच जिल्ह्यातलं विटं मात्र ४१५ मध्ये. म्हणजे पहिले तीन आकडे बघून भाड्याचा अंदाज सांगायचा नाही, पूर्ण सहा बघायचे. ४०३ म्हणजे गोवा. ५९१ असेल तर निपाणी-चिकोडीकडचं गाव असू शकतं. बोलणं अस्सल मराठीत होतं, पण राज्य कर्नाटक, म्हणजे महावितरण नाही, महाराष्ट्राच्या योजना नाहीत आणि जीएसटीचं बिल आंतरराज्य. हे फोनच्या आधी कळलं तर तोंडातून चुकीचं आश्वासन जात नाही. मोबाईलच्या पहिल्या आकड्यांवरून गाव ओळखायचे दिवस गेले. २०१५ पासून देशभर नंबर तोच ठेवून सर्कल, म्हणजे मोबाईल सेवेचा विभाग, बदलता येतं.

मोकळ्या प्रश्नाची उत्तरं हा या फॉर्मचा खरा ऐवज आहे. तिथे चार शब्द असतात, पण त्या चार शब्दांत माणूस उभा असतो. 'दळणाचा दर काय धरायचा' असं लिहिणारीने मशीन मनात घेऊन झालेली आहे, तिला आता आकडेमोड पाहिजे. तिला फोन करताना माझ्यासमोर कॅल्क्युलेटर असतो. ती रोज किती किलो दळणार, विजेचं बिल किती धरायचं, पाट्यांची-जाळ्यांची झीज किती धरायची, हेच बोलणं. 'किंमत सांगा' एवढंच लिहिणारी चार दुकानांना विचारते आहे, तिला फोनवर भाषण नको, किंमत आणि हमी आणि दुरुस्ती कोण करणार ते सरळ सांगायचं. 'आमच्या गल्लीत गिरणी नाही' असं कोणी लिहिलं तर तो धंदा समजणारा माणूस. 'सध्या शिवणकाम करते' म्हणजे घरी बायकांचं येणं-जाणं आहे, दळणाला गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही. आणि एकदा एकीने फक्त 'सासूबाई नाही म्हणतात' एवढं लिहिलं होतं. तिच्या फोनमध्ये मी मशीनचं नावही काढलं नाही. सासूबाईंना फोन द्यायला सांगितला, त्यांचं म्हणणं होतं आवाजाचं, पिठाच्या धुराळ्याचं. त्यांना दुकानात बोलावून मशीन चालवून दाखवली.

हळद निवडलेली दिसली की मी थांबते. आमच्या भागात हळद मोठी, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे हळद पावडरचा विचार करणाऱ्या लीड बऱ्याच येतात. पण जाहिरातीत चित्र असतं घरघंटीचं आणि हळकुंड म्हणजे दगड. ते घरघंटीत तसंच घालायचं नाही. आधी फोडायचं, मग पल्व्हरायझरला लावायचं. म्हणजे ज्या किमतीचा विचार करून तिने फॉर्म भरला त्याच्या कितीतरी पुढची किंमत ऐकवायची आहे. हे आधी कळल्यावर बोलण्याची सुरुवात यंत्रापासून न करता मालापासून करता येते: घरची हळद आहे का, किती निघते, की विकत घेऊन दळणार? घरची पाच-दहा पोती असतील तर बाहेरून दळून आणून पॅकिंग करणं पहिल्या वर्षी बरं पडतं, हे मी सांगते. यंत्र आज विकलं जात नाही, पण पुढच्या हंगामात ती परत येते.

विजेच्या उत्तराने तर कितीतरी फोन वाचतात. घरघंटीची १ एचपीची मोटर घरच्या सिंगल फेजवर चालते. मोठी कांडप यंत्रं, मोठे पल्व्हरायझर यांना थ्री फेज लागते. खेड्यातल्या लीडमध्ये 'थ्री फेज आहे' असं उत्तर आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते, 'घराला आहे का मळ्यात?' कारण पुष्कळदा ती शेतीपंपाची असते. ती दिवसातले ठरावीक तासच असते आणि ती जोडणी शेतीसाठी दिलेली असते, तिच्यावर गिरणी चालवायची नाही. 'माहीत नाही' हे उत्तर मात्र मला आवडतं. त्या बाईने अंदाजाने काही ठोकून दिलेलं नाही. तिला व्हॉट्सअॅपवर वीजबिलाचा फोटो मागवते, त्यावर मंजूर भार लिहिलेला असतो, आणि मग फोन करते.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. 'घरबसल्या व्यवसाय' हे शब्द जाहिरातीत आले की अर्ध्या लोकांना ती नोकरी वाटते. यात त्यांचा दोष नाही. पेन्सिल पॅकिंग, पेन पॅकिंग, घरबसल्या महिना एवढे हजार, अशा फसव्या जाहिराती वर्षानुवर्षं याच शब्दांत फिरताहेत, आणि नोंदणीच्या नावाखाली पैसे घेऊन नंबर बंद होतात. त्यामुळे शीटमध्ये 'पगार किती', 'माल तुम्ही देणार का', 'काम कधी मिळेल' असं दिसलं की तिथे दोन शक्यता धरायच्या. एकतर तिला खरोखर नोकरी हवी आहे, किंवा ती आधी फसलेली आहे आणि चाचपून बघते आहे. दोन्ही ठिकाणी पहिलं वाक्य स्पष्ट हवं: 'ताई, ही नोकरी नाही. आम्ही मशीन विकतो. धंदा तुमचा, गिऱ्हाईक तुमचं, आम्ही माल परत घेणार नाही.' काही दुकानदार हे वाक्य शेवटी ठेवतात, आधी बाईला स्वप्नात नेतात. मला ते अजिबात मान्य नाही. ज्या घरात वीस-पंचवीस हजार रुपये मोठी रक्कम आहे तिथे पहिल्या मिनिटात खरं सांगितलंच पाहिजे. 'कोणाला जोडावं लागेल का?' असं लिहिणारेही असतात. साखळी पद्धतीचा चटका कोणाला तरी बसलेला असतो घरात. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे, पण खेड्यात ती भीती अजून जिवंत आहे, आणि ती भीती योग्यच आहे. त्यांना मी दुकानाचा पत्ता आणि जीएसटी नंबर आधी पाठवते, फोन नंतर करते.

योजनेचा पर्याय निवडणाऱ्या लीडला वेगळी तयारी लागते. 'मोफत पिठाची गिरणी योजना' अशा नावाचे मेसेज फिरत असतात. खरी परिस्थिती अशी की जिल्हा परिषदेच्या काही विभागांकडून ठरावीक पात्रतेच्या महिलांना गिरणी किंवा शिलाई यंत्र अनुदानावर देण्याच्या योजना निघतात, त्याचा अर्ज पंचायत समितीकडून होतो, निधी आणि यादी तिथलीच. आमच्या फॉर्मचा त्याच्याशी संबंध नाही. हे फोनवर सांगण्याआधी मी तिचं उत्तर परत वाचते, कारण 'योजना' म्हणणाऱ्या सगळ्या मोफत मागत नसतात. कोणाला सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना माहीत असते. ती २०२० साली सुरू झाली, तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि कमाल १० लाख असं कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलं होतं, आणि आपल्याकडे ते काम कृषी विभागाकडे आहे. अशा लीडला भाव सांगण्यापेक्षा जीएसटीसह कोटेशन हवं असतं. आधी कर्जमंजुरी, मग खरेदी, हा क्रम मी फोनवरच सांगते, आणि चालू वर्षाची परिस्थिती जिल्हा कृषी कार्यालयात विचारून या म्हणते. आज माझी मशीन विकून मोकळी झाले तर तिचं अनुदान जाईल. आणखी एक उत्तर हल्ली दिसतं: लाडकी बहीण योजनेच्या १५०० रुपयांतून हप्ता भरेन. ते वाचून हसणाऱ्यांचा मला राग येतो. ती बाई आपल्या हातात नक्की किती येतं ते मोजून बोलते आहे. तिच्याशी बोलताना हप्ता त्या रकमेत बसतो का, आणि ती रक्कम एखाद्या महिन्यात उशिरा आली तर काय, हे दोन्ही मी काढते.

बचत गट निवडला असेल तर फोन एका बाईला असला तरी निर्णय दहा जणींचा असतो. अशा लीडला 'घेताय का' असं विचारणं म्हणजे तिला अडचणीत टाकणं. 'तुमची बैठक कधी असते?' हा प्रश्न. ती उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) गटातली आहे की माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या), हे विचारायचं, कारण त्यांचे कागद, त्यांच्या मार्गदर्शक ताई वेगळ्या. बैठकीच्या आदल्या दिवशी तिच्या व्हॉट्सअॅपवर कोटेशन आणि यंत्र चालतानाचा व्हिडिओ पाठवायचा, म्हणजे तिला गटापुढे तोंडी पटवत बसावं लागत नाही.

नावाचं सांगायचं राहिलं. इन्स्टाग्रामवरून आलेल्या लीडमध्ये नावाच्या जागी 'राजे', 'माउली', 'पाटील सरकार' असं काहीही असतं. ते वाचून लीड खोटी ठरवू नका. ते मुलाचं खातं असतं आणि 'कोणाशी बोलावं' च्या उत्तरात 'आई' लिहिलेलं असतं. त्या फोनची सुरुवात अशी: 'नमस्कार, सांगलीहून बोलतेय, घरघंटीच्या दुकानातून. काल तुमच्या नंबरवरून फॉर्म आलाय, त्यात आईंशी बोला असं लिहिलंय. आई आहेत का जवळ?' मुलगा लगेच फोन देतो. आणि आई फोनवर आल्या की 'काकू' म्हणायचं का 'ताई', ते आवाजावरून ठरवायचं. 'मॅडम' कधीही नाही. ट्रूकॉलरवर नंबर बघणं मी करते, पण त्यावरचं नाव तिने स्वतः दिलेलं असेलच असं नाही एवढं ध्यानात ठेवून. तिथे एखाद्या ब्यूटी पार्लरचं किंवा किराणा दुकानाचं नाव दिसलं तर चांगलंच आहे, दुकान चालवायची सवय आहे. पण ते नाव मी तोंडाने उच्चारत नाही. तिने आपल्याला सांगितलेलं तेवढंच आपण बोलायचं, नाहीतर समोरची बाई बिचकते, आणि बरोबरच आहे तिचं.

एका लीडला हे सगळं वाचायला दोन-तीन मिनिटं लागतात. दळण टाकायच्या आधी धान्य निवडावं तसं हे काम आहे, कंटाळवाणं आणि टाळता न येणारं. मी वहीत प्रत्येक नावापुढे फक्त तीन गोष्टी लिहिते: तिचाच एखादा शब्द, कोणतं यंत्र तिला खरं लागेल, आणि कोणती गोष्ट मी सांगायची नाही. तिसरी महत्त्वाची. 'अजून ठरलं नाही' वाल्या लीडला किंमत आधी सांगायची नाही, कर्जवालीला सवलत आधी सांगायची नाही, कारण कोटेशनचा आकडा बदलला की बँकेत तिला परत फेरी पडते.

तुलना करायची तर दोन गोष्टींशी. इंडियामार्ट ही विक्रेते आणि खरेदीदार जोडणारी वेबसाइट, तिथल्या खरेदीच्या चौकशीला बायलीड म्हणतात. त्यात माणूस वस्तूच शोधत आलेला असतो. किती नग, घरासाठी की धंद्यासाठी, याची नोंद बहुधा मिळते. मोठ्या पल्व्हरायझरसाठी, हॉटेलवाल्यांसाठी मला ते जास्त उपयोगी वाटतं. पण तिथला माणूस आणखी विक्रेत्यांशीही बोलत असतो, म्हणून तिथे फोन लवकर गेला पाहिजे. घरातल्या बाईचा प्रश्न मात्र तिथे सापडत नाही, तो फॉर्मच्या मोकळ्या रकान्यातच सापडतो.

दुसरी तुलना विकतच्या यादीशी. एका एजन्सीकडून आम्ही 'घरगुती व्यवसायात रस असलेल्यांची' यादी घेतली होती. नावं अकारविल्हे लावलेली, तारीख नाही, गाव नाही, काय भरून दिलं होतं ते नाही. फोन लावल्यावर लोक म्हणायचे आम्ही नोकरीसाठी अर्ज केला होता. कोणाला त्याच दिवशी दुसऱ्याही दुकानाचा फोन येऊन गेलेला. अशी यादी कोणी दाखवली तर तीन प्रश्न विचारा: ही माहिती कोणत्या तारखेला दिली, कोणत्या वाक्याखाली दिली, आणि आमच्या दुकानाचा फोन येईल हे त्या माणसाला माहीत आहे का? उत्तर आलं नाही तर पैसे देऊ नका.

हा प्रश्न कायद्याचाही आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत नको असलेल्या जाहिरात फोनची तक्रार १९०९ वर करता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते नियम आणखी कडक झाले. तक्रारीला ३ दिवसांऐवजी ७ दिवसांची मुदत मिळाली, आणि नोंदणी नसलेल्या नंबरावर कारवाईसाठी पूर्वी ७ दिवसांत १० तक्रारी लागायच्या तिथे आता १० दिवसांत ५ पुरेशा आहेत. आपल्यासारखे दुकानदार स्वतःच्या मोबाईलवरूनच फोन करतात. तोच नंबर पाटीवर असतो, तोच बिलावर. पाच जणांनी तक्रार केली तर सगळा धंदा अडकेल. फॉर्मची बाजू इथे भक्कम आहे: गोपनीयता धोरणाचा दुवा दिल्याशिवाय तो बनतच नाही, आणि 'आमच्या दुकानातून फोन येईल' हे वाक्य तुम्ही वरच लिहू शकता. मी ते पहिल्या ओळीत लिहिते, बारीक अक्षरांत खाली नाही. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही संमतीवरच उभा आहे. म्हणून माझी शीट मी दुसऱ्या दुकानाला देत नाही, मशीन दुरुस्तीवाल्या पोरालाही फक्त ज्यांनी यंत्र घेतलं त्यांचेच नंबर.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांना दोन व्यवहाराच्या गोष्टी. लीड ९० दिवसांपर्यंतच उतरवून घेता येतात, तेव्हा रोज उतरवा, राहू देऊ नका. आणि जाहिरातीला नाव देताना 'जाहिरात एक, जाहिरात दोन' असं देऊ नका. ते नाव शीटमध्ये येतं. 'कांडप व्हिडिओ', 'घरघंटी किंमत', 'भाजणी दिवाळी' असं नाव दिलं तर फोन लावताना ती बाई काय बघून आली हे समोर दिसतं. कांडपाचा व्हिडिओ बघून आलेल्या बाईला घरघंटीची माहिती द्यायला लागलात तर तिला वाटतं आपण चुकीच्या ठिकाणी आलो.

'फक्त माहिती हवी' आणि 'अजून ठरलं नाही' या लीड मी बाजूला काढते, टाकत नाही. आमचा धंदा हंगामाचा आहे. मिरची फेब्रुवारीपासून बाजारात जोर धरते, मे संपेपर्यंत कांडपाला आणि वाळवणाला उसंत नसते, आणि दिवाळीच्या आधी भाजणी-अनारशाच्या पिठाची गर्दी. जूनमध्ये कांडप निवडणारी बाई नुकताच शेजारणीचा हंगाम बघून बसलेली असते. तिला पावसात विकायला जाऊ नये. तिच्या ओळीपुढे मी 'संक्रांत' लिहून ठेवते आणि व्हॉट्सअॅपवर विचारून घेते, जानेवारीत फोन केला तर चालेल का? हो म्हणाली तर तिचा शब्द जसा लिहिला होता तसा वहीत असतो, म्हणजे सहा महिन्यांनी फोन केला तरी 'तुम्ही दळणाच्या दराचं विचारलं होतंत' इथूनच बोलणं सुरू होतं. नको म्हणाली तर तिची ओळ मी शीटमधून काढून टाकते.